बोईसरला बघण्यासारखं काय आहे?

सुरुवात रशियापासून करतो. घाबरू नका, लगेच बोईसरला परत येतो.

माझा एक मावसभाऊ सेंट पीटर्सबर्गला शिकायला होता. गेल्या वर्षी त्याचा कोर्स संपला आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस त्याच्या हातात उरला. सामान बांधून झालेलं, निरोप घेऊन झालेले. तर हा पठ्ठ्या दिवसभर नुसता भटकला. नेवा नदीच्या काठाने चालत राहिला, एका बाकावर तासभर बसला. तिथल्या पीटर-पॉल किल्ल्यावरून रोज दुपारी बाराला तोफ उडवतात, ती ऐकली. म्युझियम वगैरे काही नाही, ते सगळं आधीच पाहून झालं होतं म्हणे. आणि मग ढीगभर फोटो पाठवले.

आमच्या शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा चालू होती. रूमवर पाच-सहा जण होतो. फोटो बघून सगळे म्हणाले, "काय लाइफ आहे राव!" खाली भावाने विचारलं होतं, "तुझाही शेवटचा दिवस जवळ आला ना? तुमच्या बोईसरला काय आहे बघायला?"

मी एका शब्दात उत्तर टाइप केलं. "धूर."

सगळे हसले, एक जण सोडून. तो आमच्याच वर्गातला, डे-स्कॉलर, नोट्स घ्यायला आला होता. इथलाच, किनाऱ्यावरच्या एका गावचा. झेरॉक्सचे कागद जुळवता जुळवता म्हणाला, "चार वर्षं झाली ना तुला इथे? तारापूरला कधी गेलास?"

मी म्हटलं, "अणुकेंद्राची व्हिजिट आपल्याला कुठे मिळाली?"

"केंद्र नाही रे. तारापूर. गाव."

खरं सांगतो, तारापूर नावाचं गाव आहे हे मला माहीत होतं, पण ते डोक्यात कधी आलं नव्हतं. आपल्याला तारापूर म्हणजे एम.आय.डी.सी., आणि ती तर बोईसरला आहे. नाहीतर तारापूर म्हणजे अणुवीज केंद्र. ज्या गावाचं नाव या दोघांनी घेतलं ते गाव कुठे आहे, हे विचारायचं चार वर्षांत सुचलं नाही. वर मी त्या गावाशेजारच्या मुलासमोर बसून "धूर" म्हणून मोकळा झालो. ते मला लागलं. दोन दिवसांनी मी त्यालाच फोन केला. म्हटलं, शेवटचा पेपर झाला की माझी गाडी दुसऱ्या दिवशी रात्री आहे, मधला दिवस मोकळा आहे, दाखवतोस का तुझं गाव? तो म्हणाला, "सकाळी लवकर निघू. आणि यादी-बिदी करून आणू नकोस."

आता हॉस्टेलवाल्यांचा शेवटचा दिवस कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. गादी कोणाला विकायची, बादली कोणाला द्यायची, लायब्ररीचं नो ड्यूज झालं का, आणि उरलेल्या वेळात चार जणांत गाडी करून दमण. दमणला आक्षेप नाही, मीही जाऊन आलोय. पण चार वर्षांत पश्चिम रेल्वेच्या या पट्ट्यावर आपण उत्तरेला दमण आणि दक्षिणेला विरार-मुंबई एवढेच फिरलो. मधे जे आहे त्याला आपण "बीचमे कुछ नही है" म्हणतो. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. तीत बसून आपण मुंबईकडे जातो, मधल्या स्टेशनावर कशाला उतरायचं!

आम्ही सकाळी सातला बोईसर स्टेशनबाहेर भेटलो. चहा झाला आणि चित्रालय, पास्थळ, परनाळी, कुरगाव करत तारापूरला उतरलो. फार तर दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. कुरगाव मागे पडल्यावर हवेचा वास बदलला हे मला पहिल्यांदा कळलं. केमिकलचा वास नाकात इतका बसलेला की तो गेल्यावरच होता हे समजलं.

तारापूरचा कोट गावाला लागूनच आहे. तो खाजगी मालकीचा आहे आणि आत जायला परवानगी लागते. आम्ही काही खटपट केली नाही, बाहेरूनच तटाच्या कडेकडेने सावकाश फिरलो. आधी मी जरा हिरमुसलो. मित्र म्हणाला, "तुला लढाई तटाची बघायची आहे ना? मग तट बाहेरूनच बघायचा असतो. हल्ला करणारे बाहेरच होते."

मुद्दा पटला. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पाने उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम चालवली. आपल्याला शाळेत तिचा शेवट तेवढा शिकवतात, मे १७३९ मधला वसईचा विजय. त्याच वर्षी जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, तारापूर हा सगळा किनारा एकामागोमाग एक घेतला गेला, तेव्हा कुठे वसईचा गळा आवळता आला. त्यात तारापूर सहज हाती आलं नाही. तटाखाली सुरुंग ठासून तट उडवावा लागला आणि पडलेल्या खिंडारातून मराठे आत घुसले. आतल्या पोर्तुगीजांनीही शेवटपर्यंत झुंज दिली. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हा सरदार गोळी लागून पडला. तो बाजीराव पेशव्याच्या अगदी जवळचा. बाजीरावाने त्याच्या आईला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र इतिहासाच्या पुस्तकांत आजही वाचायला मिळतं.

आम्ही सिव्हिलवाल्यांना नेहमी चिडवतो, पण त्या दिवशी एक सिव्हिलवाला सोबत हवा होता असं वाटलं. एवढ्या जाडीच्या दगडी तटाला पाडायचं तर सुरुंग नेमका कुठे आणि किती खोल न्यायचा, वरून गोळ्या येत असताना खणायचं कसं, माती कुठे टाकायची, वात किती लांब ठेवायची... हे सगळं कोणीतरी डोक्यात मांडलं असणार. त्यांची नावं कुठे नाहीत. तटाच्या दगडांत झाडांची मुळं शिरली आहेत. तिथे आम्ही अर्धा तास बसलो. कोणी हाकललं नाही, कोणी तिकीट मागितलं नाही.

आणि हो, भावाला चिडवायला एक गोष्ट हाती लागली. सेंट पीटर्सबर्ग शहराचा पाया १७०३ साली घातला गेला. तारापूरला पोर्तुगीजांचा कोट त्याच्या आधीपासून होता!

आणखी एक. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आपल्याला माहीत आहेत. ते आडनाव याच गावावरून आलेलं. मित्राने हे चालता चालता सांगितलं, जसं आपण आपल्या गल्लीतल्या कोणाबद्दल सांगतो तसं.

तिथून खाडी ओलांडून चिंचणी. समुद्रावर जाण्याआधी तो मला त्याच्या काकांकडे घेऊन गेला. आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा लक्ष देऊन वाचा.

चिंचणी-तारापूरच्या भागात डायमेकिंगचा धंदा आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांवर जी उठावाची नक्षी असते तिचे पोलादी ठसे इथे घरोघरी हाताने कोरले जातात आणि सराफ बाजारांत जातात. पत्रा ठशावर ठेवून दाबला की नक्षी उमटते. काकांचं वर्कशॉप म्हणजे पडवीतली एक खिडकी, खिडकीशी एक बैठं टेबल, पोलादाचा एक छोटा ठोकळा, हातोडी आणि ओळीने लावलेल्या छिन्न्या. त्यातल्या बऱ्याच त्यांनी स्वतः घासून केलेल्या. ठोकळ्यावर एक पान कोरायचं चाललं होतं, करंगळीच्या नखाएवढं. पानाला शिरा, शिरांना उपशिरा. आणि हे सगळं उलटं, कारण ठशात जे खोल ते दागिन्यावर उंच.

मी विचारलं, "काका, टॉलरन्स किती ठेवता?"

काका म्हणाले, "म्हणजे काय?"

मी समजावलं. ते हसले. "चूक किती चालेल असं विचारतोस होय? चूक झाली तर ठोकळा बाद, बाळा. पोलादात खोडरबर नसतो."

मग त्यांनी मला विचारलं, कॉलेजात हे शिकवतात का. मी म्हटलं, कॅड शिकवतात, कॉम्प्युटरवर डिझाइन काढून मशिनने कापायचं. ते म्हणाले, "तेच. ते मशिन आल्यापासून आमचं काम कमी झालं. आता तुम्ही पोरं एक करा, तेवढं ते मला शिकवा. नक्षी माझी, मशिन तुमचं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांत आम्ही मिनी प्रोजेक्ट आणि मेगा प्रोजेक्ट मिळून किती केले, त्यातले निम्मे मुंबईच्या दुकानांतून विकत आणलेले, हे लपून राहिलेलं नाही. आणि कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर एक माणूस खिडकीत बसून खरीखुरी अडचण, खरीखुरी गरज हातात घेऊन आमची वाट बघत होता. गाइडने विषय दिला नाही अशी तक्रार मीही केली आहे. ती आता मागे घेतो.

इथे मला मास्तर लोकांनाही एक सांगायचं आहे, राग नसावा. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट मनालीला जाते. मनालीला कोणती इंडस्ट्री आहे ते आजवर एकाही बॅचला सापडलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या इंडक्शन प्रोग्रॅममध्ये ए.आय.सी.टी.ई.ने 'परिसर भेट' असा एक भागच सांगितलेला आहे. आमच्या वेळी त्या तासाला ऑडिटोरियममध्ये बसवून हजेरी घेतली होती. त्याऐवजी पन्नास पोरं काकांच्या पडवीत मावणार नाहीत हे मला मान्य आहे. पण पाच-पाच तरी पाठवा.

समुद्रावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मे महिन्यातली दुपार, ती काही नेवाकाठची नव्हे. सुरूच्या सावलीत बसून ताडगोळे खाल्ले. एका मावशींनी सोलून दिले आणि आम्ही खात गेलो, हिशेब त्यांनीच ठेवला. कडेला बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून आठवड्याभरात बोटी वर ओढायची तयारी चाललेली. मित्र बराच वेळ गप्प होता. मग दक्षिणेकडे बोट करून म्हणाला, "केंद्र तिकडे."

तुम्ही मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले पाठ म्हणाल: देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ साली वीज देऊ लागलं, पहिली दोन युनिटं अमेरिकन बनावटीची, बॉयलिंग वॉटर रिअॅक्टर. पुढची कथा जास्त मजेशीर आहे. त्या युनिटांना लागायचं समृद्ध युरेनियम आणि ते अमेरिका द्यायची. १९७४ साली पोखरणला पहिली अणुचाचणी झाल्यावर अमेरिकेने हात आखडता घेतला. मग फ्रान्सकडून आणलं, नंतर चीनकडून, आणि २००१ व २००६ साली रशियाकडून. म्हणजे आपल्या खोलीतला दिवा लावायला रशियाचा हातभार लागलेला असू शकतो आणि आम्ही रशियाचे फोटो बघून "काय लाइफ आहे" म्हणत होतो! युनिट ३ आणि ४ मात्र आपल्या लोकांनी डिझाइन केलेली, प्रत्येकी ५४० मेगावॅट, साधं नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणारी. चार नंबर २००५ साली सुरू झालं, तीन नंबर २००६ साली. नंबर उलटे का, हा व्हायवाचा प्रश्न होऊ शकतो.

या नव्या युनिटांच्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली आणि दुसरीकडे वसवली गेली. मित्राचे आजोबा त्यांतल्या एका गावचे. मला हे चार वर्षांत माहीत नव्हतं. एकाच बाकावर बसून जर्नल उतरवली आणि हा कुठला हे विचारलं नाही. तो तक्रारीच्या सुरात काही बोलला नाही. एवढंच म्हणाला की आजोबा संध्याकाळी पडवीत बसले की अजून दार पश्चिमेला असल्यासारखे बसतात. जुन्या घराचं दार समुद्राकडे होतं. नव्या घरासमोर रस्ता आहे.

मी "सॉरी" म्हणालो. त्याने विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "ते धूर..." तो म्हणाला, "धूर आहेच की. आम्हीच रोज घेतो तो छातीत. पण तू धूर म्हणून हसलास, तेवढंच."

यावर पुढे कोणी काही बोललं नाही. शेवटचा ताडगोळा त्याने मला दिला.

दुपारी बोईसरला परत येऊन लोकलने पालघर. मधे एकच स्टेशन, उमरोळी. पालघरला तर मी किमान शंभर वेळा उतरलो असेन. दाखले, जिल्हा कचेरी, सिनेमा, वडापाव. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून कामं तिथेच असतात. पाचबत्तीला रिक्षा बदलायची हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. मित्राने मला पाचबत्तीलाच उतरवलं आणि रिक्षा सोडून दिली.

"बघ."

बघायचं म्हणजे काय, नाकाच आहे तो. मग दिसलं. मधे हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला, 'चले जाव'च्या आंदोलनात, पालघरला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पालघर आणि आसपासच्या गावांतले पाच जण गेले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी, सुकुर मोरे. दरवर्षी १४ ऑगस्टला लोक इथे जमून त्यांना मानवंदना देतात. आपण त्या दिवशी दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाला उठायचं की नाही यावर चर्चा करत असतो.

मी ती नावं दोनदा म्हटली. पागधरे, चुरी, ठाकूर, मोरे, तिवारी. ही आडनावं मी चार वर्षं रोज सकाळी ऐकत होतो. हजेरीत.

भर चौकात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, आम्ही दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, "कुठे जायचंय?" आम्ही दोन्ही वेळा म्हटलं, "कुठे नाही."

खरं तर त्यानंतर शिरगावचा किल्ला करायचा होता. फांद्या फुटलेल्या ताडासाठी तो किल्ला ओळखला जातो आणि पालघरपासून तो लांब नाही. केळवे-माहीमही मनात होतं. पण पाच वाजले होते आणि दोघांच्याही पायांनी नाही म्हटलं. पूर्वीचा मी असतो तर रिक्षा करून पळत जाऊन फोटो काढून आलो असतो. आम्ही स्टेशनसमोर बसून कटिंग चहा घेतला आणि शिरगाव राहू दिलं. मला वाटतं दिवसभरातला हा एकमेव शहाणा निर्णय माझा होता. सगळं एका दिवसात उरकायचं ही सबमिशनची सवय आहे, आणि ती गावं बघताना उपयोगी पडत नाही. माझी चूक शेवटचा दिवस हळू घालवण्याची नव्हती. त्याआधीचे हजार-बाराशे दिवस मी रूम, कॅन्टीन आणि टपरी या त्रिकोणात घालवले, ती चूक. तुम्ही म्हणाल, अभ्यास असतो, प्रॅक्टिकल असतात. असतात. पण रविवारही असतात हो, आणि ते आपण कसे घालवतो ते मेसच्या मावशींना विचारा. दुपारी दोनला ब्रेकफास्ट मागणारे आपणच.

रात्री बोईसर स्टेशनवर मित्र सोडायला आला. मी नंदुरबारचा, सुरतेला गाडी बदलायची. फलाटावर त्याने विचारलं, "तुमच्या नंदुरबारला काय आहे रे बघायला?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. सोळा वर्षं तिथे राहून मला पटकन काही सांगता येईना. तो हसला. म्हणाला, "विचारून ठेव घरी. दिवाळीत येतो."

गाडीत बसल्यावर भावाला तारापूरच्या तटाचा आणि पाचबत्तीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे कुठलं शहर आहे?"

आता ज्युनिअर मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. माझी सायकल अजून हॉस्टेलच्या स्टँडला, पिंपळाखालच्या कोपऱ्यात आहे. चार वर्षांत ती टपरीच्या पुढे गेलेली नाही. चावी मेसच्या मावशींकडे ठेवली आहे. तारापूरला जायचं असेल त्यानेच घ्यावी. मागच्या चाकात हवा टिकत नाही, तेव्हा पास्थळला एकदा भरून घ्या. आणि चिंचणीला काकांकडे गेलात तर लॅपटॉप घेऊन जा.